पाच तत्त्वं आणि ब्रेकचा मणी

माझी नात पुण्यात एका कंपनीत लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं फोन करून मला त्या कंपनीचं मिशन, व्हिजन आणि व्हॅल्यूज वाचून दाखवली. आवाज असा भरून आलेला, की मला वाटलं पोरीचं लग्न ठरलं. मी मध्येच हसले.

"अम्मम्मा, हसायला काय झालं?"

"काही नाही गं, कवळी सैल झालीय," मी म्हणाले. तिला खरं कारण सांगितलं नाही. ते इथं लिहिते, कारण ती दिवाळी अंक वाचत नाही.

तो आवाज माझाच होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मी सात रस्त्यावरच्या एका मोटारसायकलच्या एजन्सीत पत्रव्यवहाराची कारकून म्हणून लागले. वय एकवीस. आम्ही विणकर पद्मशाली. घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कानडी आणि टायपिंगच्या क्लासात इंग्रजी. चार भाषा येतात म्हणजे आपल्याला चारपट अक्कल आहे, असा माझा पक्का समज होता. नाकावर चष्मा, हातात पर्स, पर्समध्ये रुमाल आणि एक पेन, आणि डोक्यात नुसती हवा. त्या मुलीला आज रस्त्यात गाठलं तर मी तिला आधी खुर्चीवर बसवीन आणि मग तिचा चष्मा काढून घेईन.

एजन्सीचे मालक अण्णा. स्वभावानं गरीब, कंपनीला मात्र जावयाला घाबरावं तसे घाबरून असायचे. मागच्या बाजूला वर्कशॉप, त्याचे हेडमिस्त्री उस्मानचाचा. माझं टेबल दोघांच्या मध्ये, लाकडी पार्टिशनला टेकून.

मी लागल्यावर चार महिन्यांनी कंपनीकडून एक जाड कागद आला. त्यावर इंग्रजीत कंपनीची पाच तत्त्वं. आता त्याला मिशन-व्हिजन म्हणतात, तेव्हा साहेबलोक नुसतं 'आवर क्रीड' म्हणायचे. सोबत हुकूम, की प्रत्येक एजन्सीनं याचं स्थानिक भाषेत भाषांतर करून दर्शनी भागात लावावं. अण्णांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मी आठ दिवस झोपले नाही म्हटलं तरी चालेल. कष्टकरी माणसाला भरवशाचं वाहन, हे ध्येय. देशातल्या प्रत्येक खेड्याच्या वाटेवर आपली गाडी, ही दृष्टी. चालकाचा जीव ही आमची जबाबदारी. ग्राहक तक्रारीविना असावा. आणि पाचवं, ग्राहकाशी कंपनी एकाच आवाजात बोलेल. पेंटर बोर्ड रंगवायला आला तेव्हा मी त्याच्या डोक्यावर उभी राहून ऱ्हस्व-दीर्घ तपासले. तो वैतागून म्हणाला, "बाई, देवळाचा कळस रंगवताना पण इतकं कुणी बोललं न्हाई."

मला ते कौतुक वाटलं.

लोकांना वाटतं, असले बोर्ड भिंतीवर लावायचे आणि विसरायचे. तसं नसतं. त्या पाच वाक्यांनी आमचा धंदा अक्षरशः वळवला, फक्त कुठल्या दिशेला, ते सांगते. 'प्रत्येक खेड्याच्या वाटेवर' म्हणून कंपनीनं नियम काढला, की येणाऱ्या गाड्यांतला ठरावीक हिस्सा खेड्यातल्या पत्त्यावरच जायला हवा. तेव्हा गाडीसाठी नंबर लावून थांबावं लागे. मग सात रस्त्याच्या कापडवाल्यांना अचानक मामाची गावं आठवू लागली. एकजण तर मला म्हणाला, "ताई, कुठलं पण गाव टाका, मोटारसायकल जाईल असं." मी त्याला तत्त्व समजावून सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "व्हय, ते बराबर. पण गाव टाका."

'तक्रारीविना ग्राहक' याचं त्याहून वाईट झालं. गाडीत काही बिघाड झाला तर दोन कागद असत. पांढरं कार्ड, म्हणजे नेहमीची दुरुस्ती. ते आमच्याकडेच राहायचं. आणि पिवळा फॉर्म, म्हणजे कंपनीच्या बनावटीतला दोष. त्याच्यासोबत बिघडलेला भाग बांधून कंपनीला पाठवायचा. सुरुवातीला मी पिवळे फॉर्म उत्साहानं भरले. सांगोल्याचा एक शेळ्यामेंढ्यांचा व्यापारी आला होता. त्याची तक्रार अशी, की हॉर्न वाजला की त्याचीच मेंढरं बिथरून रानात पळतात. "आवाज जरा गरीब करा की," तो म्हणाला. मी पिवळा फॉर्म भरला, 'मेंढ्यांवर होणारा परिणाम' असं व्यवस्थित नमूद करून हॉर्न पाठवून दिला. महिन्यानं उत्तर आलं, हॉर्न मानकानुसार आहे. त्या महिन्यात उस्मानचाचा माझ्याकडे बघून रोज एकदा तरी मेंढरासारखं ओरडायचे.

पण कंपनी दर तिमाहीला यादी काढायची, कुठल्या एजन्सीचे पिवळे फॉर्म किती. ज्याचे सर्वांत कमी, त्याला ढाल. आमचा नंबर शेवटून तिसरा. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा मीच, माझ्या चारपट अकलेनं, तोडगा काढला. म्हटलं, अण्णा, दोष दुरुस्त झाला म्हणजे तक्रार उरली नाही. उरली नाही तर पिवळा फॉर्म कशाला? पांढऱ्यावर 'किरकोळ दुरुस्ती' लिहू. ग्राहक खूश, कंपनी खूश. चौथं तत्त्व पाळलं गेलं.

अण्णांनी मला त्या दिवशी स्वतःच्या डब्यातली शेंगाचटणी वाढली. पुढच्या तिमाहीला ढाल आमच्याकडे आली. फोटोत मी ढालीच्या शेजारी अशी उभी आहे, जणू ती मीच वितळवून ओतली.

ढाल आल्यावर महिन्याभरात एका सकाळी उस्मानचाचा माझ्या टेबलापाशी आले आणि कागदाच्या पुडीतून तीन बारके मणी माझ्या टाइपरायटरवर ठेवले.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा ब्रेक हाताच्या मुठीपाशी असतो. मूठ आवळली की एक तारेची केबल ओढली जाते. त्या तारेच्या टोकाला डाळीएवढा मणी झाळणाचा डाग देऊन चिकटवलेला असतो. सगळी ओढ त्या मण्यावर. मणी निसटला की तार मोकळी, आणि पुढचा ब्रेक नाही म्हणजे नाही.

"तीन गाडियां, एकीच लॉट की," उस्मानचाचा म्हणाले. "डाग कच्चा है. देखो, नखून से निकल रा."

मी नखानं उचकटून पाहिलं. चौथा मणी, नव्या केबलचा, माझ्या नखाला निघून आला. माझं नख, जे टाइप करून करून बोथट झालेलं.

"इस लॉट की कितनी गयीं अपने यां से?"

मी विक्रीचं रजिस्टर काढलं. अकरा. तीन येऊन गेल्या होत्या. आठ बाहेर होत्या. आठवं नाव सिद्राम मिस्त्री, वळसंग.

सिद्राम मला नीट आठवत होता. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा, तिशीचा, हाताला कायम डिझेलचा वास. शाळा कानडीत चौथीपर्यंत. गाडी न्यायला आला तेव्हा बोर्डाकडे बघत उभा राहिला. "अक्का, मला हे वाचाय येत न्हाय. काय लिवलंय?" मी त्याला पाचही वाक्यं वाचून दाखवली, कानडीत सांगितली. तिसऱ्याला तो थांबला. "माजा जीव कंपनीची जबाबदारी?" त्यानं विचारलं. "हो," मी म्हणाले. त्यानं बोर्डाला हात जोडले. बायकोचा भाऊ मल्लू सोबत होता, त्यालाही जोडायला लावले.

"बाई," उस्मानचाचा म्हणाले, "आठ गाडियां. मेरे पास पुराने लॉट के केबल पडे हैं. सायकल पे जाता, गांव गांव बोल के आता. चार दिन का काम."

इथं कुणीही दुसरा माणूस असता तर म्हणाला असता, जा. माझ्या जागी निरक्षर कुणी असतं तरी म्हणालं असतं, जा. पण मी तत्त्वं भाषांतरित केलेली होती. मी पाचव्याकडे बोट दाखवलं. ग्राहकाशी कंपनी एकाच आवाजात बोलेल. आपण परस्पर जाऊन सांगायचं म्हणजे शिस्तभंग. आधी कंपनीला कळवू. तिसरं तत्त्व आहे ना, जीवाचं? ते लोक तारेनं उत्तर देतील, बघा तुम्ही.

उस्मानचाचांनी मणी पुन्हा पुडीत गोळा केले. "तुमको सच्ची ऐसा लगता?"

"हो."

मला खरंच तसं वाटत होतं. आता लोक म्हणतात, अहो, नोकरीची भीती असेल. नव्हती. मी त्या बोर्डावर विश्वास ठेवला होता. भीती असती तर बरं झालं असतं, भित्र्या माणसाला निदान मागून लाज वाटते. मला तर त्या दिवशी अभिमान वाटला.

मी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. सुंदर पत्र होतं, तीन परिच्छेद. सोबत चार मणी पुडीत बांधून रजिस्टर पोस्टानं. मग आम्ही वाट बघायला लागलो. आठव्या दिवशी उस्मानचाचांनी विचारलं. दहाव्या दिवशी विचारलं. बाराव्या दिवशी त्यांनी विचारणं सोडून दिलं.

अठराव्या दिवशी सिद्राम मल्लूला मागं बसवून अक्कलकोटकडच्या सासुरवाडीला निघाला होता. उतारावर समोरून बैलगाडी वळली. त्यानं मूठ आवळली, ती सैल लागली. मागचा ब्रेक पायानं दाबला तोवर गाडी आडवी होऊन मोरीवर गेली. सिद्रामचा उजवा हात दोन जागी मोडला. मल्लू जागीच गेला. एकोणीस वर्षांचा होता.

त्यानंतर चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. नमुने तपासणीसाठी मिळाले, तपासणी होईपर्यंत ग्राहकांशी कोणताही पत्रव्यवहार करू नये.

उस्मानचाचांनी ते पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, उठले, सायकलला केबलांचं भेंडोळं अडकवलं आणि कुणाला न विचारता गेले. उरलेल्या सातही गाड्यांच्या केबली त्यांनी बदलल्या. चार दिवस म्हणाले होते, तीनच लागले.

सिद्राम महिन्याभरानं आला. हात प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला. डाव्या हातानं त्यानं सदऱ्याच्या खिशातून केबलचं टोक काढून माझ्या टेबलावर ठेवलं. मणी नसलेलं.

"अक्का, मला पैसं नगं," तो म्हणाला. "गाडी पन नगं. सासरचं लोक म्हणत्यात, म्या माज करून पळवली, त्यांचं पोरगं मारलं. गंगव्वाला घिऊन गेल्यात. ती पन तसंच म्हणती. म्या मिस्त्री हाय, अक्का. शंभर इंजनं उघडली असतील म्या. मला ब्रेक वडाय येत न्हाय व्हय? कंपनीनं एवडंच लिवून द्यावं, दोरी तुटली. कागदावर लिवलेलं असलं की त्ये ऐकतील."

एवढंच त्याला हवं होतं. एक ओळ.

मी म्हणाले, "मिळेल. मी स्वतः लिहिते." आणि याच्यासाठी मी पिवळा फॉर्म भरला. त्याचं टोक पुडीत बांधून पाठवलं.

पंधरवड्यानं कंपनीचा इन्स्पेक्टर आला. टेरिकॉटची पँट, तोंडात वेलदोडा. अण्णांच्या केबिनमध्ये बसून त्यानं मला उत्तर सांगायला सुरुवात केली. अपघाताबद्दल कळून कंपनीला दुःख झालं, ही पहिली ओळ. मग, केबलची तपासणी केली असता ती बनावटीनुसार असल्याचं आढळलं. मग, अपघात चालकाच्या बेदरकारपणामुळे घडला.

मी टाइपरायटरवरून हात उचलले. "साहेब, मणी माझ्या नखाला निघत होता."

"तुम्ही इंजिनियर आहात का?"

"नाही."

"मग?" तो अण्णांकडे वळला. "ढाल दुसऱ्यांदा मिळायची वेळ आलीय तुमची. त्यात हा एक पिवळा फॉर्म कुणी भरला?"

अण्णांनी खाली बघितलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, पण खोलीत दुसरी कारकून नव्हती. घरी माझ्या मागं दोन बहिणी, वडिलांचा माग बंद पडलेला. आता मात्र मला भीती वाटली. अगदी योग्य वेळी, म्हणजे उशिरा.

मी टाइप केलं. आणि नुसतं टाइप करून थांबले नाही. इन्स्पेक्टरचा 'रॅश' शब्द मला फार कठोर वाटला. मी म्हणाले, 'एक्सेसिव्ह स्पीड' म्हणूया का? तो म्हणाला, व्हेरी गुड. माझ्या इंग्रजीची त्यानं तारीफ केली. मला वाटलं, मी सिद्रामसाठी काहीतरी केलं.

सिद्राम दुसऱ्या दिवशी पत्र घ्यायला आला. छापील शीर्षकाचा जाड कागद, खाली शिक्का. त्यानं कागद डाव्या हातात उजेडाला धरून पाहिला. "वाचून दावा की, अक्का."

मी पहिली ओळ वाचली, कानडीत सांगितली. कंपनीला फार दुःख झालं आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दोरीचं लिवलंय?"

"दोरीचं लिहिलंय," मी म्हणाले. पुढं काय लिहिलंय ते मी सांगितलं नाही. म्हटलं, याला आत्ता इथं कशाला दुखवा. याचं याला हळूहळू कळेल. माझ्यासमोर कळू नये, इतकीच माझी दया होती.

"लई उपकार झाले," तो म्हणाला. त्यानं कागदाची घडी घातली, प्लास्टरच्या झोळीत छातीशी ठेवली आणि सरळ बसस्टँडकडे गेला.

पुढचं मला उस्मानचाचांनी सांगितलं. ते माझ्याशी बोलेनासे झाले होते, तरी हे सांगायला पार्टिशनच्या या बाजूला आले. सिद्राम त्याच पावली सासुरवाडीला गेला. तिथं चार जाणते बसवले. गंगव्वा दारात उभी. गावचे मास्तर इंग्रजी शिकलेले, त्यांच्या हातात त्यानं स्वतःच कागद दिला, म्हणाला, मोठ्यानं वाचा. मास्तरांनी वाचला. मग मराठीत सांगितला. केबल ठीक होती. चालकानं जास्त वेगानं चालवली. खाली कंपनीचा शिक्का.

"उसने खुद दिया कागज," उस्मानचाचा म्हणाले. "समझे बाई? खुद. तुमने पढ के दिखाया था ना उसको?"

गंगव्वा परत आली नाही.

ढाल दुसऱ्यांदा आमच्याकडे आली. पुढच्या लॉटच्या केबलींना मण्याचा डाग पक्का होता. कंपनीनं गुपचूप सुधारला, कुठल्याही कागदावर न लिहिता. मी तिथं आणखी चार वर्षं होते. गाड्या विकल्या, पत्रं लिहिली, नव्या गिऱ्हाइकांनी विचारलं तर बोर्ड वाचूनही दाखवला. फक्त तिसऱ्या ओळीपाशी मला खोकला यायचा.

मग अण्णांनी एजन्सी सोडली, माझं लग्न ठरलं. शेवटच्या आठवड्यात एजन्सीच्या उरलेल्या कागदांतला एक घेऊन मी मराठीत पत्र टाइप केलं. ब्रेकची केबल सदोष होती, मणी निसटला, चालकाची काही चूक नाही. खाली माझी सही, हुद्द्यासकट. आता मला नोकरीवरून काढायला कुणी उरलं नव्हतं, हे माझं शौर्य.

एसटीनं वळसंगला गेले. सिद्राम अंगणात एका इंजिनाचा पंप उघडून बसला होता. उजवा हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता, पाना डाव्या हातात. मला बघून उठला, पोतं अंथरलं, चहा सांगितला. म्हातारी आई उंबऱ्यात बसलेली, कानानं कमी. मी पत्र काढलं आणि म्हटलं, "वाचून दाखवते."

"ऱ्हाऊ द्या, अक्का," तो म्हणाला. रागानं नाही. त्यानं शेजारच्या घरातल्या सातवीतल्या मुलीला हाक मारली आणि कागद तिच्या हातात दिला.

तिनं वाचला. तो ऐकत होता. "आनि एकदा वाच," म्हणाला. तिनं पुन्हा वाचला. मग त्यानं आईकडे बोट केलं. "आवाज कर, तिला ऐकाय येत न्हाय."

मुलगी म्हातारीच्या कानाशी वाकून ओरडून वाचू लागली. केबल सदोष होती. चालकाची काही चूक नाही. गल्लीतली माणसं दारात आली. सिद्रामनं मान खाली घालून पंपाच्या वायसराला फडकं मारायला सुरुवात केली होती, ते फडकं थांबलं.

"गंगव्वा?" मी हळूच विचारलं.

"तिचं लगीन झालं की मागल्या साली," तो म्हणाला.

म्हातारीनं मुलीला हातानं बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघितलं. "दोरी तुटली ह्ये आमाला पैल्या दिसापासून ठावं हाय, माय," ती म्हणाली. "तुला कवा कळलं?"

चहा आला होता. मी कप हातात घेतला. रजिस्टर, आठवं नाव, नखाला निघालेला मणी, अठरा दिवस, सगळं जिभेवर होतं आणि चारही भाषांत होतं.

"मागाहून," मी म्हणाले, आणि चहा प्यायले.